रोमन शिरस्त्राण आणि नाशिकचा तांबट

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५ च्या सुमारास रोमन काशाच्या वस्तु सांपडल्या; त्यांतील समुद्रदेवाची लहान मूर्ति ओतीव आहे. त्यावरून रोमन शिपायाचें कांस्य-शिरस्त्राणहि ओतीवच असावें, असा आमचा समज होता. आणि वर्गांत मुलांस आम्ही तेंच सांगत आलों.

मागील महिन्यांत तशा शिरस्त्राणाचें चित्र घेऊन आम्ही येथील एका वृद्ध तांबटाकडे गेलों. त्यानें तें निरखून विचारलें, "मास्तर, याला सांधा कुठं दिसतो का?" सांधा नव्हता. "मग हें आमच्या घागरीच्या बुडासारखंच, ठोकून आणलेलं. इतकं पातळ ओतून निघायचं नाहीं. आणि जाड ओतलं तर घालणाराची मान मोडेल!"

तो म्हणाला तें खरें आहे. ऐरणीवर ठोकीत ठोकीत वाटीचा आकार आणावयाचा. घावांनीं धातु कठीण होऊन तडकूं लागतो, म्हणून मधूनमधून भट्टींत तापवून मऊ करावयाचा. कित्येक शिरस्त्राणांच्या शेंड्यावरील बोंडहि त्याच धातूंतून काढलेलें असून आंत शिसें भरलेलें आढळतें.

येथें आमचें संस्कृत आडवें आलें. रसरत्नसमुच्चयांत काशास आठ भाग तांबें व दोन भाग कथील सांगितलें आहे. तें मिश्रण घंटेस उत्तम, पण थंड ठोकल्यास फुटावयाचें. रोमन पत्र्यांत कथील साधारणपणें दहांत एक भाग असे.

तांबटानें चित्र ठेवून घेतलें. तांब्याचें एक करून पाहतों म्हणाला. मजुरी सांगितली नाहीं. आम्ही घरीं येऊन दोघां जुन्या विद्यार्थ्यांस चूक कळविणारीं पत्रें लिहिलीं.