पाच मरल्यांचा भूखंड

मोहाली म्हटले की चंदिगडला लागून उभे राहिलेले टॉवर डोळ्यांसमोर येतात. पण या शहराच्या पोटात आणि कडेला जुनी गावे आहेत, आणि तिथल्या भूमिहीन मजुराला बाजारभावाने जागा घेणे अशक्य आहे. त्याची आशा असते ती ‘शामलात’ जमिनीवर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवर. 1961 च्या पंजाबच्या कायद्याने ती ग्रामपंचायतीकडे आली. तिच्यातून बेघरांना पाच मरल्यांचे भूखंड देण्याची पद्धत पंजाबात जुनी आहे. मरला साधारण 25 चौरस मीटरचा, म्हणजे भूखंड सव्वाशेच्या आसपास.

म्हणून खरा प्रश्न घराचा नाही, जागेचा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये ठरले. पायाखाली जमीनच नसेल, तर ते बांधकामाला लावणार कुठे? आपल्याकडे गायरान आणि गावठाणाची अडचण अगदी हीच.

पतियाळा जिल्ह्यातील रोहर जागीर गावाच्या सामाईक तळ्यावर अतिक्रमण झाले, तेव्हा 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. मात्र भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जागांसारख्या अपवादांना वाट मोकळी ठेवली. हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

आवास योजनेच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे येते. त्या दिवशी सभेला जरूर जा आणि यादी मोठ्याने वाचायला लावा.