विंडोज सोडून लिनक्सवर येताना

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० चिप नसलेल्या जुन्या संगणकांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. अशा यंत्रांसाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे फुकटचे पर्याय. जालना, अंबड, भोकरदनच्या डीटीपीवाल्याची खरी अडचण मात्र मराठी मजकुराची असते.

■ जुना मजकूर : कृतिदेव फॉन्टमध्ये ‘जालना’ हा शब्द टी-के-वाय-यू-के या इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. नव्या यंत्रात फॉन्ट नसेल तर पडद्यावर तीच अक्षरे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. फॉन्ट टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

■ कीबोर्ड : सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा. त्यात ‘जालना’साठी पी-ई-एन-व्ही-ई दाबावे लागते. रेमिंग्टन मांडणीची सवय असलेल्यांचा वेग सुरुवातीला हमखास मंदावतो.

■ सॉफ्टवेअर : वर्ड-एक्सेलच्या साध्या कामांसाठी लिबरऑफिस आहे. पेजमेकर, कोरलड्रॉ थेट चालत नाहीत. त्यांच्यावरच धंदा असेल तर एक विंडोज यंत्र राहू द्या.

■ फाइलींची नावे : इंग्रजी नावातले लहान-मोठे अक्षर लिनक्स वेगळे मानते.

■ आधी चाचणी : पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून प्रिंटर, स्कॅनर, वायफाय तपासा. बसवताना हार्डडिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून बॅकअप आधीच घ्या.