रोज पाय पाहणारे घर

शीव कोळीवाड्याहून वडाळ्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर महापालिकेचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय लागते. मराठी पोवाडे गोळा करून छापणारे पालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ, त्यांचेच हे नाव. १८९० साली ही संस्था उभी राहिली ती रस्त्यावरच्या बेघर कुष्ठरुग्णांना शहरापासून वेगळे ठेवण्यासाठी. हान्सेन या डॉक्टरने कुष्ठरोगाचा जंतू शोधला होता, पण खात्रीचे औषध नव्हते. लागण रोखायची म्हणजे कुंपण घालायचे, एवढेच लोकांना ठाऊक होते.

आज चित्र उलटे आहे. बहुतेकांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद असते आणि उपचार सुरू झाले की रुग्णापासून लागण होण्याची भीती लवकरच संपते. तरी बरे झालेल्या कित्येकांना घरच्यांनी परत नेले नाही. अशा संस्थांतच ते म्हातारे झाले. त्यांच्यापासून कुणाला धोका नाही. धोका त्यांना आहे, साध्या जखमेत शिरणाऱ्या जंतूंचा.

कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही. चहाच्या गरम पेल्याने बोटाला फोड आला, तरी तो दिसेपर्यंत पत्ता नसतो. म्हणून रोजचा नेम: साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे पाय बुडवायचे, घट्टे हलक्या हाताने घासायचे, ओलसर त्वचेला तेल लावायचे, बोटांच्या बेचक्या आणि तळवे नीट पाहायचे. मग मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाची, म्हणजे एमसीआर चप्पल. मधुमेही आजोबांचेही पाय असेच रोज पाहायला हवेत.

साध्या वृद्धाश्रमातही लागण बहुधा हातांवरून फिरते. एकीचे डायपर बदलून मावशी दुसरीला भरवायला जाते. मध्ये साबणाने हात धुतले गेले पाहिजेत, आणि त्यासाठी बेसिन खाटांजवळच हवे. नेलकटर, टॉवेल ज्याचे त्याचे. एकाला खरूज झाली तर सोबतच्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लावावे लागते, नाहीतर ती फिरून येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात ६०हून अधिक जणांना कोविड झाला. त्यांतल्या बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेले होते. लस हवीच, पण तिच्या जोडीला खेळती हवा आणि खोकणाऱ्याची वेगळी खोलीही हवी.

शिवाय म्हातारपणी जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढेलच असे नाही. रोज दोन पोळ्या खाणाऱ्या आजी ताट तसेच सरकवतात, ओळखीच्या मावशीला भलत्याच नावाने हाक मारतात. ते पहिल्यांदा दिसते मावशीलाच, आणि डॉक्टरांना फोन तेव्हाच जायला हवा.