प्रवासाचा हिशेब : दारापासून दारापर्यंत

आपल्या आज्या-पणज्यांना लांबच्या प्रवासाचा बेत करताना फारशी निवड नव्हती. बैलगाडी जुंपायची, दशम्यांचे गाठोडे घ्यायचे आणि पहाटे निघायचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला प्रवाशांची पहिली आगगाडी धावली आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरापर्यंत पोचला. पुढे एस. टी. आली, मोटारी आल्या, विमाने आली. आज अडचण आहे ती साधन नसण्याची नव्हे, तर चारांतून एक निवडण्याची. ही निवड आपण पुष्कळदा एकाच प्रश्नावर उरकतो : लवकर कोण पोचवते? किंवा, स्वस्त काय पडते? माझे म्हणणे असे, की हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंत मांडावा आणि त्यात वेळ, पैसा, शीण व धोका या चारही रकमा धराव्यात.

एक उदाहरणच घेऊ या. समजा, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीजवळच्या एका खेड्यातून शहात्तर वर्षांच्या आईला घेऊन मुलाला मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात जायचे आहे. सकाळी तेथे हजर व्हायचे आहे. कशाने जावे?

शेजारी म्हणतील, “विमानाने जा. दीड तासात मुंबई!” आता हा दीड तास मोजून पाहू. घरून नागपूरच्या विमानतळापर्यंत अडीच तास. तेथे दोन तास आधी पोचायचे. उड्डाण दीड तासाचे. उतरल्यावर सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि परळ गाठायला आणखी एक तास. एकूण झाले साडेसात तास! सकाळी नऊला रुग्णालयात पोचायचे, तर मध्यरात्रीच घर सोडायला हवे. नाही तर आदल्या दिवशी जाऊन मुंबईत खोली घ्यायला हवी. त्या खोलीचे भाडे विमानाच्या तिकिटावर छापलेले नसते, पण ते प्रवासाच्याच खर्चात पडते.

आता आगगाडी पाहा. घरून वर्धा स्टेशन दीड तास, तेथे तासभर वाट पाहणे, गाडीत साडेबारा तासांच्या आसपास आणि दादरहून परळ अर्धा तास. बेरीज साडेपंधरा तास, म्हणजे विमानाच्या दुप्पट! पण संध्याकाळी वर्ध्याला बसलेला माणूस सकाळी दादरला उतरतो. मधली रात्र आडवे होऊन जाते, शौचालय जवळ असते आणि खोलीचे भाडे वाचते. घड्याळाचे तास जास्त, पण वाया जाणारे तास कमी. शिवाय कर्करोगाच्या उपचारासाठी जाणाऱ्याला ठराविक नमुन्यातला दाखला दाखवल्यास स्लीपरचे भाडे पूर्ण माफ होते आणि सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा राखीव वाटा असतो; तिकीट काढतानाच तो मागावा. मात्र आरक्षण हवेच. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवस आधी सुरू होते. तारीख कळताच तिकीट काढावे. प्रतीक्षायादीच्या भरवशावर आजारी माणसाला घराबाहेर काढू नये.

तिसरा विचार मोटारीचा. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातूनच जातो. दारातून निघून दारात उतरता येते, ही सोय मोठीच. पण सातशे किलोमीटरला, लिटरमागे पंधरा किलोमीटर धरले तरी, सुमारे सत्तेचाळीस लिटर इंधन लागते. वर पथकर आणि चालकाची मजुरी. गाडीत एक बसो की पाच, हा खर्च तेवढाच. म्हणून पाच जण असतील तर मोटार परवडते, दोघांना ती भारी पडते.

आणि येथेच चौथी रक्कम येते, धोक्याची. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धीवरच सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवासी गेले. याचा अर्थ रस्त्याने जाऊच नये असा नव्हे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोळ्यांवर झापड लवकर येते, म्हणून दिवसा जावे, दर दोन तासांनी थांबावे, पट्टा बांधावा. रात्रीच्या बसमध्ये चढल्यावर संकटकाळी बाहेर पडण्याचे दार कोठे आहे, ते आधी पाहून ठेवावे.

मग एस. टी.चे काय? एवढा लांब पल्ला आजारी आईला बसून काढणे जड जाईल. पण गाव ते स्टेशन हा टप्पा तिचाच. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिच्यात मोफत प्रवास आहे आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे भाडे. शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत पुष्कळदा तीच सर्वांत सोयीची ठरते.

तेव्हा या मायलेकांसाठी आगगाडी. पण तिकीट मिळाले नाही, किंवा आईला बारा तासांचा प्रवास सोसवणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर विमानाचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. चाकाची खुर्ची लागणार असेल, तर कंपनीला ४८ तास आधी कळवावे. आणि दुखणे तातडीचे असेल, तर हा सारा हिशेब बाजूला ठेवून १०८ क्रमांक फिरवावा.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. सहावी-सातवीच्या मुलांना आपल्या गावापासून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतचा असा तक्ता करायला सांगा : साधन, दारापासून दारापर्यंतचा वेळ, माणशी खर्च, शीण, धोका. गणित होईल, भूगोल होईल आणि एखाद्या घरात अडीअडचणीच्या वेळी तो कागद उपयोगी पडेल. जलद साधन आणि योग्य साधन ही नेहमीच एक नसतात, हे मुलांना त्या तक्त्यातून आपोआप कळेल.