जामीन मंजूर झाला तरी माणूस आतच, अडतं कुठं? जामीनदार होण्याआधी हे वाचा

शनिवारी संध्याकाळी बांधावरून भांडण होतं, कोणाचं तरी डोकं फुटतं आणि रात्री पोलीस एकाला घेऊन जातात. घरची माणसं ठाण्याबाहेर ताटकळत असतात. तिथंच एकजण जवळ येतो आणि हळूच म्हणतो, "साहेबांशी बोलणं झालंय, पैसे द्या, उद्या जामीन करून देतो." घाबरलेलं घर पैसे देतं. सोमवारी कोर्टात जामीन मंजूरही होतो. पण माणूस घरी येत नाही, कारण जामीनदाराचे कागदच तयार नसतात.

ठाण्याबाहेरच्या त्या माणसाला पैसे देण्याची मुळात गरज नसते. जामीन देण्याचा निर्णय कायद्यानं होतो. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्कच आहे आणि तो पोलीस ठाण्यातही मिळू शकतो. एफआयआरवर फक्त 115(2) म्हणजे साधी मारहाण आणि 352 म्हणजे शिवीगाळ, एवढीच कलमं असतील तर ती दोन्ही जामीनपात्र आहेत. गुन्हा अजामीनपात्र असला म्हणजे जामीन मिळतच नाही, हा गावातला मोठा गैरसमज. त्याचा अर्थ इतकाच की जामीन मागून घ्यावा लागतो आणि तो द्यायचा का नाही हे न्यायाधीश ठरवतात.

अटक झाली तर ती कशासाठी हे सांगणं आणि नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायाधीशांसमोर हजर करावंच लागतं, मग रविवार असो की सण. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बऱ्याचदा लगेच अटक न करता कलम 35(3) ची नोटीस देतात. ही नोटीस आली की काहीजण शेतात नाहीतर पाहुण्यांकडं जाऊन बसतात. तसं करू नका. नोटिशीप्रमाणं हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही, गैरहजर राहणारा मात्र स्वतःहून अटकेचं कारण देतो.

वकील कुठं शोधायचा?

तालुक्याच्या कोर्टात वकील संघाची खोली असते, चौकशी तिथं करा. जमिनीचा दावा चांगला चालवणारा वकील फौजदारीतही तसाच असेल असं नाही. म्हणून सरळ विचारा, "रिमांड आणि जामिनाची कामं तुम्ही नेहमी करता का? प्रकरण सेशन कोर्टात गेलं तर तिथं कोण उभं राहणार?" फी किती, त्यात जामीन अर्ज एवढंच का पुढची तारीखही, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी बोलून घ्या आणि दिलेल्या पैशाची पावती मागा. वकिलांना गिऱ्हाईक शोधत फिरायला किंवा निकालावर फी ठरवायला नियमानं मनाई आहे. त्यामुळं "सुटला तरच पैसे" किंवा "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

पैसे नसतील तर? अटकेत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांनाही तो हक्क आहे. तालुक्यात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. बऱ्याच जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी लोकअभिरक्षक कार्यालयही सुरू झालंय. फोन करायचा तर 15100. फुकटचा वकील काय कामाचा, असं चावडीवर बोललं जातं, पण रिमांडच्या पहिल्या दिवशी शेजारी कोणीच नसण्यापेक्षा हा आधार केव्हाही मोठा.

सातबारा देणारा नेमकं काय देतो?

सिनेमात दाखवतात तशी जामीन विकणारी कंपनी आपल्याकडं नाही. ती पद्धत अमेरिकेतली. आपल्याकडं आरोपी स्वतः जातमुचलका लिहून देतो, म्हणजे तारखेला हजर राहीन, नाहीतर इतकी रक्कम भरीन. त्याच्यासोबत जामीनदार तेवढ्याच रकमेची हमी घेतो. आदेशात "15 हजारांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक जामीनदार" असं लिहिलं असेल तर त्या दिवशी 15 हजार भरायचे नसतात. हे न कळल्यानं माणसं दागिने गहाण टाकून येतात.

जामीनदाराकडून बहुतेक वेळा सातबारा, आठ अ, आधार, रेशनकार्ड आणि फोटो मागतात. रक्कम मोठी असली की तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला लागू शकतो. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो, पण आपल्या कोर्टात कोणते कागद चालतात ते वकिलाला आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दुपारनंतर कागदासाठी धावपळ झाली की मुक्काम एक रात्र वाढलाच म्हणून समजा.

आता सातबारा देणाऱ्याबद्दल. जामीन राहिल्यानं जमीन गहाण पडत नाही. पण आरोपी तारखेला आला नाही तर मुचलका जप्त होतो आणि जामीनदाराला नोटीस येते. तो पैसे भरू शकला नाही तर वसुली होते आणि सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. भावकीत नाही म्हणता येत नाही हे खरं, तरी आदेशात रक्कम किती लिहिली आहे ते वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये. आपण आधी किती जणांना जामीन आहोत हेही तिथं खरं सांगावं लागतं. पुढं त्या माणसाचा भरवसा राहिला नाही तर जामीनदारकी काढून घेण्याचा अर्ज करता येतो. मग कोर्ट आरोपीला बोलावून नवा जामीनदार मागतं.

जामीनदारच मिळत नसेल तर? ऊसतोड मजूर, भटक्या जमातीची कुटुंबं यांच्यापुढं हा प्रश्न नेहमीचा आहे. कारण शेतीच नाही तर सातबारा कुठून आणायचा? अशा वेळी वकिलाला सांगून तात्पुरता रोख जामीन किंवा नुसत्या जातमुचलक्यावर सुटका मागता येते. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडावं, असं कायदाच म्हणतो. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडं 10 हजारांचा जामीनदार मागितला होता. भावानं हमी दिली तर मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून ती नाकारली. सुप्रीम कोर्टानं ते चूक ठरवून त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. परजिल्ह्यातला जामीनदार चालणार नाही असं कोणी म्हणालं तर वकिलाला या निकालाची आठवण करून द्या.

जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असे निर्देश सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये दिलेत. महिना झाला तरी जामीनदार मिळत नसेल तर अट सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. वाट बघत बसण्यापेक्षा घरच्यांनीच प्राधिकरणात जाऊन अर्ज दिला तर काम लवकर हलतं.

रोख भरली असेल तर तिची पावती नीट जपून ठेवा. ती रक्कम जप्त झाली नसेल तर खटला संपल्यावर अर्ज करून परत मिळते, पण अर्ज आपणच करायचा असतो.