वास्तू तीच, वापर वेगळा : जासईच्या ओटीवरून काही विचार

जासईत जुन्या इमारतींवर बोलायचे ठरले, तेव्हा आम्हाला विचारले गेले, "सर, इथे किल्ला नाही, वाडा नाही. बोलणार कशावर?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जरा लांबून सुरू करू.

इमारत म्हणजे नेमके काय? दगड-विटा? मग दुरुस्तीत निम्म्या विटा बदलल्या की ती निम्मी नवी झाली का? 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन राजाला हेच विचारतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे? सगळे भाग एकत्र आले की आपण त्याला 'रथ' म्हणतो, एवढेच. घराचेही तसेच आहे. त्यात आम्ही आणखी एक गोष्ट धरतो, ती म्हणजे वापर. माणसे तिथे काय करतात, यावर इमारतीचे नाव ठरते.

आता उदाहरणे बघा. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधला. पेशवाई गेली आणि १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. पुढे काही काळ तिथे नगरपालिकेचा कारभार चालला. आपल्या जिल्ह्यात अलिबागला या. कान्होजी आंग्र्यांच्या काळातला हिराकोट किल्ला पुढे तुरुंग झाला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४२ साली गांधीजींना स्थानबद्ध केले होते. कस्तुरबा आणि महादेवभाई तिथेच गेले, आणि आज तो महाल स्मारक आहे. महालाचा तुरुंग झाला, तुरुंगाचे स्मारक झाले. भिंती मात्र त्याच.

इंग्लंडच्या खेड्यांतही हेच चालते. शाळा बंद पडली की तिचे घर होते, धान्याच्या कोठारात कुटुंब राहायला येते. ज्या चर्चमध्ये आता प्रार्थना होत नाही, अशा चर्चसाठी १९६९ साली तिथे वेगळा निधी स्थापन झाला. महत्त्वाच्या इमारतींच्या याद्या करण्याची सोय १९४७ च्या नगररचना कायद्यातच होती. आपल्याकडे मुंबईत वारसा इमारतींचे नियम आले ते १९९५ मध्ये. थोडक्यात, वापर बदलला तरी इमारत टिकते, पण तिची नोंद कुणीतरी ठेवलेली असावी लागते.

आता जासईत येऊ. इथले जुने घर म्हणजे कौलारू छप्पर, पुढे अंगण, मग ओटी, आत माजघर, वर माळा. भाताची कणगी, बाजूला गुरांचा गोठा. शेत आणि मिठागर यांच्यावर चालणारे घर होते ते. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जमीन गेली, त्याबरोबर कणगी आणि गोठा यांचे कामच संपले. म्हणजे घर पाडण्याच्या कितीतरी आधी त्याचा वापर संपला होता. हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

१९८४ च्या जानेवारीत याच परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. नेतृत्व याच गावच्या दि. बा. पाटलांचे. साडेबारा टक्के विकसित जमिनीच्या धोरणामागे तो लढा आहे. तेव्हा कुटुंब वाढले म्हणून गावठाणात कुणी मजले चढवले, खालचा गाळा भाड्याने दिला, तर त्याला नावे ठेवायचा अधिकार आम्हाला नाही. ज्याची शेती गेली, त्याने पोटासाठी घराचा वापर बदलला. इंग्लंडमधला शेतकरी कोठाराचे घर करतो, त्याचे आपण कौतुक करतो. मग इथेच नाक का मुरडायचे?

पण एक अडचण आहे. ओटी गेली की ओटीवर बसणे जाते. पंच तिथे बसत, लग्नाची बोलणी तिथे होत, भांडणेही तिथेच मिटत. नव्या इमारतीच्या जिन्यावर ते होत नाही. आमच्या आजोळचे घर पाडले तेव्हा आम्ही फक्त दाराची चौकट ठेवून घेतली. कोणत्या खोलीत काय व्हायचे ते लिहून ठेवायचे सुचलेच नाही. आता सांगणारे कुणी उरले नाही. लाकूड राहिले, घर गेले.

म्हणून जासईकरांना एवढेच सुचवू. घर ठेवा किंवा पाडा, तो निर्णय तुमचा. पाडण्याआधी मात्र चार फोटो काढा, पावलांनी मोजून साधा नकाशा काढा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "या कोपऱ्यात काय असायचं?" उत्तर वहीत तारीख घालून लिहा. अशा पन्नास वह्या जमल्या, तर गावाचा इतिहास लिहायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. आणि किल्ला नाही, वाडा नाही, हा प्रश्नही मग कुणी विचारणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.