‘मेसेजेस ड्रॉप्ड’: हरवले कोणाचे?

लिनक्स कर्नलच्या नोंदी मेमरीतल्या गोलाकार बफरमध्ये साठतात. कर्नलच्या मूळ मांडणीत त्याचा आकार १२८ केबी असतो. जागा संपली की नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीवर बसते.

सिरियल कन्सोलवर कधीतरी अमुक इतके ‘प्रिंटके मेसेजेस ड्रॉप्ड’ अशी ओळ उमटते आणि लगेच निदान होते: कर्नलचा लॉग गेला! हा गैरसमज काही केल्या हटत नाही. त्या ओळीचा अर्थ एवढाच की कन्सोल मागे पडला. कन्सोल, नोंदी डिस्कवर उतरवणारी जर्नलडी सेवा आणि त्या दाखवणारी डीमेसेज आज्ञा हे एकाच बफरचे वेगवेगळे वाचक. ज्याची त्याची वाचनखूण स्वतंत्र. १,१५,२०० बॉडच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार अक्षरे जातात. भरलेला बफर तिच्यातून बाहेर पडायला अकरा सेकंदांहून अधिक लागतात. तेवढ्यात एखादा बिघडलेला ड्रायव्हर धडाधड लिहीत सुटला, तर कन्सोल पोहोचण्याआधीच नोंदी पुसल्या जातात. त्याच नोंदी जर्नलडीने डिस्कवर उतरवलेल्या असू शकतात. पण तिकडे बघण्याची तसदी कोण घेतो?

हरवल्याचा पत्ता लागतो तो अनुक्रमांकावरून. अकलूजच्या ऊसपट्ट्यात वजनकाट्याच्या पावत्या लावताना ४१२ नंतर थेट ४१९ हाती आली, तर मधल्या सहा नाहीत हे सांगायला काटेवाला लागत नाही. कर्नलचा वाचकही पुढचा अपेक्षित क्रमांक लक्षात ठेवतो. मिळालेला त्याहून मोठा असेल तर फरक तेवढीच तूट.

ही सोय पूर्वी नव्हती. २०१२ च्या ३.५ आवृत्तीआधी बफर म्हणजे अक्षरांचा सलग प्रवाह होता. मधला तुकडा गेला तरी वाचकाला सुगावा लागत नसे. त्या आवृत्तीपासून प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळाला. कर्नलच्या दस्तऐवजानुसार, केमेसेज उपकरणातून वाचायची पुढची नोंद पुसली गेली असेल तर ‘ईपाइप’ ही त्रुटी परत येते आणि पुढचे वाचन उपलब्ध नोंदीपासून सुरू होते. जुना सिसलॉग कॉल मात्र अजूनही गुपचूप पुढे सरकतो.

२०२० च्या ५.१० आवृत्तीत जॉन ओग्नेस यांचा कुलुपाविना चालणारा बफर आला आणि पेच वाढला: वाचन चालू असतानाच नोंद पुसली जाऊ शकते. म्हणून वाचक आधी मजकूर उतरवून घेतो, मग नोंद अजून तीच आहे ना, हे पुन्हा तपासतो. नसेल तर उतरवलेले बाद.

असेच आणखी काही गैरसमज आहेत. डीमेसेजच्या ‘क्लिअर’ पर्यायाने बफर पुसला जात नाही, फक्त वाचनखूण पुढे सरकते. बफर मोठा केल्याने अचानक आलेला लोंढा सोसतो, कायमचा संथ कन्सोल वेगवान होत नाही. आणि ‘कॉलबॅक्स सप्रेस्ड’ ही ओळ म्हणजे हरवलेले संदेश नव्हेत: वेगमर्यादेमुळे ते बफरपर्यंत आलेच नाहीत, त्यांना क्रमांकही मिळाला नाही, त्यामुळे अनुक्रमात त्यांची फट दिसत नाही.